दीड हजारात चांगला हेडफोन कसा निवडाल? कानाच्या डॉक्टरचं उत्तर



कान तपासून होतो, औषध लिहून होतं आणि खुर्चीतून उठता उठता तरुण पेशंट हळूच विचारतात, "डॉक्टर, मग हेडफोन कोणता घेऊ?" कानाचा डॉक्टर 'हेडफोन फेकून द्या' असंच सांगणार, याची त्यांना खात्री असते. मी तसं सांगत नाही. आपल्या अहिल्यानगरमध्ये (बहुतेकांच्या तोंडी अजून नगरच) स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं एका खोलीत तिघं-चौघं राहतात आणि रोज चार-पाच तास लेक्चर ऐकतात. त्यांचं हेडफोनशिवाय भागणार नाही. वापरायचाच आहे, तर तो समजून घेऊन निवडावा.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात. कसोटी मात्र बदलत नाही आणि ती एका वाक्यात सांगता येते: ज्या हेडफोनवर कमी आवाजातही तुम्हाला सगळं स्पष्ट ऐकू येतं, तो चांगला हेडफोन. संगीताचा शौकीन आणि कानाचा डॉक्टर या दोघांचं इथे एकमत होतं. ते कसं, ते बघू.

आवाज नेमका कुठे घडतो?

हेडफोनच्या आत एक छोटासा स्पीकर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि मागे चुंबक. फोनमधून येणारी वीज वेटोळ्यातून वाहते, पडदा पुढे-मागे हलतो, हवा हलते. दोनशे रुपयांच्या ईअरफोनमध्ये हेच असतं आणि वीस हजारांच्या बहुतेक हेडफोनमध्येही हेच.

मग फरक कशाने पडतो? कंपनीने त्या आवाजाची घडण कशी केली आहे, म्हणजे खर्ज किती, मधले सूर किती आणि वरचे बारीक सूर किती ठेवले आहेत, याने. हे प्रमाण पडद्याच्या मटेरियलवर, मागच्या पोकळीवर, हवा जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक छिद्रांवर आणि तोंडाशी बसवलेल्या जाळीवर ठरतं. बासरीचं भोक जरा सरकलं तर सूर बदलतो, तसंच हे.

यात तुमचा स्वतःचा कानही भागीदार आहे. बाहेरून पडद्यापर्यंत जाणारी कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. एका बाजूने बंद असलेली कुठलीही नळी ठरावीक सुराला घुमते. आपली ही नळी साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते, त्यामुळे त्या पट्ट्यातले आवाज आपल्याला मुळातच वाढवून ऐकू येतात. आपण ईअरफोनचं बूच नळीच्या तोंडात बसवलं की हे नैसर्गिक घुमणं बदलतं. मग चांगल्या ईअरफोनला ती वाढ स्वतःहून भरून द्यावी लागते. ती कमी पडली तर आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटतो, जास्त झाली तर टोचतो. नळीची लांबी-रुंदी प्रत्येकाची वेगळी. म्हणून मित्राला आवडलेला ईअरफोन तुम्हाला कर्कश वाटू शकतो. त्यात दोघांपैकी कोणाचंच चुकत नाही.

सर्वांत स्वस्त सुधारणा: रबरी टिप

कानात बसणारा ईअरफोन घेतला की डब्यात छोट्या, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांच्या रबरी टिपा येतात. बहुतेक जण मध्यम बसवलेली असते तीच वापरतात, बाकीच्या डब्यातच राहतात. मी पेशंटला पहिलं काम सांगतो ते हे: त्या टिपा शोधून काढा.

टिप सैल असेल तर कडेने हवा निसटते आणि तिच्याबरोबर सगळ्यात आधी खर्ज निसटतो. शिवाय बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मग आपण काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. खर्ज तरीही येत नाही, कारण तो गळतोच आहे. वरचे सूर मात्र वाढत जातात आणि कानावर आदळतात.

करून बघा. गाणं लावा आणि ईअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. खर्ज एकदम भरून आला, तर तुमची टिप सैल आहे. मोठी लावा. दोन्ही कानांची मापं वेगळी असू शकतात, तेव्हा एकीकडे मध्यम आणि दुसरीकडे मोठी लावायला हरकत नाही. फोमच्या टिपा आणखी घट्ट बसतात, पण त्या लवकर मळतात आणि बदलाव्या लागतात. टिप नीट बसली की बहुतेकांचा व्हॉल्यूम आपोआप खाली येतो. आवाज सुधारतो आणि कानही वाचतो, जवळजवळ फुकटात.

'बास जोरदार' म्हणजे चांगला?

स्वस्त हेडफोनच्या खोक्यावर बासची जाहिरात सगळ्यात मोठ्या अक्षरात असते. ढोल-ताशा किंवा हलगी ऐकायला तो बरा वाटतो. लेक्चर ऐकायला मात्र फार खर्ज त्रासदायक ठरतो आणि त्याचं कारण कानाच्या रचनेत आहे.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्या दारापाशी बारीक, उंच सूर ओळखणाऱ्या पेशी असतात आणि पार आतल्या टोकाला खर्ज ओळखणाऱ्या. खर्जाची लाट दारातून शिरून आतल्या टोकापर्यंत जाते, म्हणजे वाटेतल्या सगळ्यांना हलवत जाते. म्हणून जोरदार खर्ज उंच सुरांना झाकून टाकतो. उलट सहसा घडत नाही.

आता भाषेकडे या. अ, आ, ओ या स्वरांत जोर असतो आणि ते खालच्या-मधल्या पट्ट्यात असतात. स, श, फ, च यांसारखी व्यंजनं वरच्या पट्ट्यात असतात आणि हळू असतात. 'साप' आणि 'ताप' यांतला फरक त्या एका हळू आवाजावर उभा आहे. खर्ज फार वाढवलेला हेडफोन तेवढंच झाकतो. लेक्चर दीडपट वेगाने लावलं असेल, तर अडचण आणखी वाढते. शब्द कळेना की हात पुन्हा व्हॉल्यूमकडे जातो. तेव्हा मुख्य वापर बोलणं ऐकण्यासाठी असेल, तर खर्ज माफक असलेला हेडफोन घ्या. घेतलेला आधीच बासवाला असेल, तर फोनमधल्या इक्वलायझरमध्ये डावीकडच्या एक-दोन पट्ट्या जरा खाली ओढा. लेक्चर लगेच मोकळं ऐकू येईल.

व्यंजनांचं हे गणित मी पुस्तकात शिकलो, पण त्याचा अर्थ मला घरात कळला. आपला जिल्हा साखरेचा. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला घातला गेला आणि पुढे तालुक्या-तालुक्यात धुराडी उभी राहिली. माझे वडील अशाच एका कारखान्यात मिल हाऊसला होते. गळीत हंगामात रात्रपाळी, दिवसपाळी, शेजारी उभ्या माणसाशीही खुणांनी बोलायचं. कानात घालायला काही असतं, हे त्या काळी कोणाच्या गावीही नव्हतं. आज त्यांना आपण बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. "मोठ्याने बोलू नका, नीट बोला," असं ते म्हणतात आणि ते अक्षरशः खरं आहे. त्यांना स्वर पोचतात, व्यंजनं पोचत नाहीत. माझी मुलगी 'आजोबा, साखर' म्हणाली की ते 'आखर?' असं विचारतात. ती हसते, तेही हसतात. मग पाहुणे आले की ते उठून ओट्यावर जाऊन बसतात. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलण्यातूनही उठून जातो, हे मी आता रोज बघतो.

त्यांच्या ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झला खोल खड्डा आहे. मोठ्या आवाजाने झालेल्या नुकसानीची ही ओळखीची खूण. नळीच्या घुमण्याबद्दल मघाशी सांगितलं ना, तेही या खड्ड्याचं एक कारण मानलं जातं. आता तसाच, पण लहान खड्डा मला कधी कधी बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांच्या ऑडिओग्रामवर दिसतो. त्यांनी कारखान्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. माझ्या वडिलांना पर्याय नव्हता. या मुलांच्या हातात व्हॉल्यूमचं बटण आहे, हा फरक मला फार मोठा वाटतो.

किमतीचं काय?

जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांच्या मोजणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणता सूर किती जोरात वाजतो याचा आलेख आणि दुकानातली किंमत यांची त्याने तुलना केली. दोन्हींत संबंध आढळला नाही. म्हणजे महाग हेडफोनचा आवाज चांगला घडवलेला असेलच असं नाही आणि स्वस्ताचा वाईट असेलच असंही नाही. जास्त पैशांत बांधणी, आराम, गोंगाट कमी करण्याची सोय, माईक, टिकाऊपणा मिळू शकतो. आवाजाची घडण मात्र किमतीवरून ओळखता येत नाही.

मग लोकांना आवडतो तरी कसा आवाज? हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१२-१३पासून श्रोत्यांना बसवून हेच तपासलं. बहुतेकांची पसंती एकमेकांशी बरीच जुळली: चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरसमोर बसल्यावर ऐकू येतं तसं, खर्ज थोडा उचललेला आणि बाकी समतोल. आज अनेक कंपन्या हा नमुना समोर ठेवून स्वस्त ईअरफोनही घडवतात. म्हणून हजार-दीड हजारात समाधानकारक आवाज मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. 'फर्स्ट कॉपी' म्हणून मिळणाऱ्या नकली मालापासून मात्र दूर राहा.

खोक्यावरचे आकडे

*२० ते २०,००० हर्ट्झ:* हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं. माणसाच्या कानाची मर्यादाच ती आहे. कुठला सूर किती जोरात वाजतो, हे त्यातून कळत नाही. सोडून द्या.

*ड्रायव्हर १० मिमी, १३ मिमी:* मोठा म्हणजे चांगला असं नाही. घडण महत्त्वाची.

*ओहम आणि सेन्सिटिव्हिटी:* फोनवर वापरायचा असेल, तर १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन सहज वाजतो. सेन्सिटिव्हिटी जास्त असलेला त्याच व्हॉल्यूमला जास्त जोरात वाजतो. म्हणून नवीन हेडफोन लावण्याआधी व्हॉल्यूम खाली आणायचा आणि मग हळूहळू वाढवायचा.

वायरचा की ब्लूटूथ?

ब्लूटूथच्या किमतीत बॅटरी, चिप आणि चार्जिंगची डबी हे सगळं येतं. तेवढ्याच पैशात वायरचा घेतला, तर जास्त पैसा आवाजावर लागलेला असण्याची शक्यता असते. बॅटरी संपण्याची आणि काही वर्षांनी ती बसण्याचीही भानगड नाही. फोनला गोल जॅक नसेल, तर टाइप-सीचा घ्या.

ब्लूटूथची आणखी एक गंमत. गाणी छान वाजतात, पण ऑनलाइन तासाला त्याचा माईक चालू झाला की आवाज एकदम जाडाभरडा होतो. माईक आणि आवाज दोन्ही एकाच वेळी वाहायचे म्हणून दर्जा खाली आणलेला असतो. हेडफोन बिघडलेला नसतो. अशा वेळी फोनचाच माईक वापरावा. गाडी, स्वयंपाकघर, व्यायाम, जिथे वायर अडकते तिथे ब्लूटूथ सोयीचा आहे, त्यात वाद नाही.

दुकानात फसवणारा कान

१९३३ साली फ्लेचर आणि मनसन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की खर्ज भरतो आणि सगळंच 'भारी' वाटतं. म्हणून दोन हेडफोनांपैकी जो जरा जोरात वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो. तुलना करताना दोन्ही सारख्याच जोराने वाजतील असा व्हॉल्यूम लावा, तोही हळू. रोजच्या ऐकण्यातलं एक गाणं आणि एक लेक्चर, दोन्ही ऐका. हळू आवाजात शब्द कोणात स्पष्ट कळतात, ते बघा. ऑनलाइन घेत असाल, तर परत करण्याची सोय आहे का ते आधी वाचा.

नगर-पुणे एसटी आणि व्हॉल्यूम

नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. तीन तास इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट. घरी पन्नास टक्क्यांवर स्पष्ट ऐकू येणारं गाणं इथे नव्वद टक्के मागतं. हेडफोनने होणारं नुकसान बरंचसं अशाच ठिकाणी होतं, कारण आपण गोंगाटाच्या वर जाऊन ऐकतो.

नीट बसलेली टिप मधला आणि वरचा गोंगाट अडवते. इंजिनाची एकसुरी घरघर तिला तेवढी अडवता येत नाही. ते काम नॉइज कॅन्सलेशन चांगलं करतं. ते बाहेरचा आवाज माईकने ऐकतं आणि त्याच्या उलट लाट वाजवून तो खोडतं. त्याने कानाला इजा होत नाही, उलट व्हॉल्यूम खाली ठेवता येतो. रोज लांबचा प्रवास असेल, तर त्यावर चार पैसे जास्त घालायला मी सांगतो. घरी अभ्यासाला बसणाऱ्याला त्याची गरज नाही. रस्त्याने चालताना आणि गाडी चालवताना मात्र कानात काहीही घालू नका. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर ऐकू यायलाच हवा.

किती आवाज, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला साधारण ४ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम २०-२५ मिनिटं, तीही अख्ख्या आठवड्यात!

फोनवर डेसिबल दिसत नसेल, तर या खुणा पाळा. शांत खोलीत व्हॉल्यूम ठरवा, साठ टक्क्यांच्या आत. तासाभराने दहा मिनिटं कान मोकळा ठेवा. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा दडे बसल्यासारखं वाटत असेल, तर आजचा कोटा ओलांडला आहे. कॉक्लियातल्या केसपेशी साधारण पंधरा हजार. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

एका बाजूने कमी ऐकू येतंय?

हे नीट वाचा. आधी टिप काढून जाळीत मळ अडकला आहे का ते बघा आणि कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. तरी फरक नसेल, तर वायरचा हेडफोन उलटा लावा, डावा उजवीकडे. ब्लूटूथ असेल तर फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावून बघा. कमी आवाज हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर हेडफोन खराब आहे. त्याच कानाला राहिला, तर अडचण तुमच्या कानात आहे.

राहुरीकडचा एक विद्यार्थी एका कानाने कमी ऐकू येतंय म्हणून आधी ईअरफोन बदलत राहिला. एक झाला, दुसरा झाला आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आला. कानाची नस अचानक मंदावली होती. या आजारात स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर, तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त. पहिले दोन आठवडे फार मोलाचे असतात. त्याचं थोडंफार परत आलं, सगळं नाही. ही अदलाबदल करायला एक मिनिट लागतं. एका कानाचं ऐकू अचानक कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

थोडक्यात

• वापर ठरवा: लेक्चर असेल तर माफक बास, रोजचा एसटी प्रवास असेल तर नॉइज कॅन्सलेशन.
• घरी बसून ऐकायचं असेल तर वायरचा. पाचशे ते दीड हजारात भागतं.
• तिन्ही मापांच्या टिपा लावून बघा.
• हळू आवाजात तुलना करा.
• कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर कानात घालायचे ईअरफोन वापरू नका. कानावर बसणारा मोठा हेडफोन चालेल.
• दुसऱ्याचा ईअरफोन तसाच कानात घालू नका. निदान टिपा तरी आपल्या लावा.

हेडफोन बिघडला तर दीड हजारात नवा येतो. कानातल्या पेशी कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. आज रात्री ईअरफोनची ती जुनी डबी शोधा, मोठी टिप लावून बघा आणि व्हॉल्यूम दोन घरं खाली आणा. जमलं का, ते मला जरूर कळवा.